उशाची पुरचुंडी

नवव्या दिवशीची रात्र. कडू घास घेऊन आलेली शेवटची शेजारीण डबे गोळा करून गेली आणि ताईनं सोप्यात वही उघडली. शाळेची, शंभर पानी. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढून तिनं डाव्या रकान्यावर लिहिलं 'लागलं' आणि उजव्या रकान्यावर 'लागतंय म्हणतात'.

नाना भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. आमचे चुलते, भावकीत आता सगळ्यांत वयस्क. वही दिसली आणि अडकित्ता थांबला.

"काय लिवतीस गं?"

"हिशेब."

"कशाचा?"

"आईच्या मातीचा."

"माणसाच्या मातीचा हिशेब असतोय व्हय?"

"असतो, नाना. फक्त तो आपल्यात कुणी लिहीत नाही. म्हणून तर दुसऱ्याच्या घरी वेळ आली की त्यांना विचारायला कुणी नसतं."

तिथून जे सुरू झालं ते रात्री एकपर्यंत चाललं. गेलेली ती ताईची आई, म्हणजे माझी थोरली काकी. ताई पुण्यात हिशेबनीस आहे. नानांनी कडेगावाबाहेर एक रात्र काढली तर त्यांना झोप येत नाही. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. माझं मन ताईकडे झुकतं हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे काही ठिकाणी नानांनी मलाही गप्प केलं.

नाना म्हणाले, "बरं, लिव. पहिल्या दिवशी काय लागलं? ओढ्याच्या बांधावरची बाभळ तोडून वाळत घातली हुती ती आणली. शेण्या परड्यात रचून हुत्याच. ताटीचा कळक खालच्या आळीतनं. सुतळी, मडकं, कापड, गुलाल, हार. ट्रॅक्टर पुतण्याचा, डिझेल बी त्येचंच. खड्डं-बिड्डं, लाकडं रचणं भावकीच्या पोरांनी केलं. सांग, ह्यात पैका कुठं हाय?"

"बाभळीला किंमत नाही?"

"बांधावरची हुती की."

"ज्याला बांध नाही त्याचं काय?"

नाना काही बोलले नाहीत. ताईनं पेन उचललं. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, पावसाळ्यात ओलं असेल तर जास्त. "धरा, वखारीत दहा रुपये किलोनं मिळालं. तीन-चार हजार तिथंच गेले. तेल वेगळं. ट्रॉली भाड्यानं आणली तर ते वेगळं. तुम्ही ज्याला फुकट म्हणता ना, ते भावकीनं आधीच भरून ठेवलेलं असतं. बांधाच्या, ट्रॅक्टरच्या, पोरांच्या रूपात. ज्याला भावकी नाही त्याला ते सगळं रोख मोजावं लागतं."

"कोण हाय असं बिनभावकीचं?"

"ऊस तोडायला बीडकडून येतात ती माणसं. हंगामात टोळीतलं कुणी गेलं तर? लाकूड कुणाच्या बांधावरचं? आणि गावाकडं न्यायचं म्हटलं तर गाडीचं भाडं कोण देणार? मुकादमाकडून आणखी उचल घ्यायची, नि ती पुढच्या हंगामात कोयत्यानं फेडायची."

या मुद्द्यावर नाना वाद घालणार नाहीत हे मला माहीत होतं. सोनहिऱ्याच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या आहेत.

इथं थोडं माझं. मुंबईत पालिका चितेसाठी 300 किलो लाकूड मोफत देते. आपल्याकडचं जास्त जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. तिथं पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, आणि दहन होतं ते मुख्यतः शेण्यांवर. होळी आली की 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून मंडळं, तालमी, शाळा पुढे येतात आणि शेण्यांच्या ट्रॉल्या स्मशानाकडे जातात. सणाचं जळण मरणाला पुरवायचं, हे ज्याला प्रथम सुचलं त्याला सलाम करावासा वाटतो. दान देणाऱ्याला ओझं होत नाही, आणि घेणाऱ्याला तर आपण दान घेतलं हे कळतही नाही. कडेगावात परड्यापरड्यांत शेण्यांचे हुडवे उभे असतात. इथं हे जमायला नगरपंचायतीच्या ठरावाचीसुद्धा गरज नाही.

स्मशानाच्या शेडबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. शेड, रस्ता, दहनाचा ओटा ही गावकीची जबाबदारी. खेड्यांना त्यासाठी जिल्हा परिषदेमार्फत जनसुविधा योजनेतून पैसे मिळतात, शहरात ते नगरपालिका किंवा नगरपंचायतीनं करायचं असतं. पावसात चितेवर पत्रे धरून उभं राहिल्याच्या आठवणी नानांकडे अनेक आहेत. त्यांनी दोन सांगितल्या, ताईनं तिसरी थांबवली.

"आणि त्यावर आता जीएसटी बी हाय म्हणं," नाना म्हणाले.

"नाही. दहन, दफन, शवागार, प्रेताची गाडी, यांना त्या कायद्यानं कराच्या बाहेरच ठेवलंय. जुलै 2022 मध्ये स्मशान बांधायच्या ठेक्यावरचा कर 18 टक्के झाला. मोबाइलवर त्याचं मरणावरचा कर झालं. कुणी अंत्यविधीच्या बिलात जीएसटी लावला तर द्यायचा नाही."

डाव्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा निघाला तो शीतपेटीचा. त्यावरून ताईचा आवाज पहिल्यांदा चढला.

कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी, खटाव या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात सोनं-चांदी गाळायची भट्टी शोधा, तिथं आपल्याकडचं कुणीतरी भेटेल. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं सोन्याच्या धुरात जगली. ताईचा भाऊ तमिळनाडूत असतो. काकी संध्याकाळी गेली, दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, आणि तोवर सोप्यात भाड्याची शीतपेटी घरघरत राहिली.

"थांबायचं कुणी ठरवलं, नाना?"

"पोरगा नगं व्हय अग्नी द्यायला?"

"तोंडात पाणी मी घातलं. दीड वर्ष दवाखान्यात मी होते. अग्नी मी दिला असता तर आई जळली नसती?"

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. सोप्यात बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला जोतिराव फुल्यांची माती आठवत होती. त्यांची इच्छा मिठात पुरावं अशी होती, खड्डासुद्धा घराच्या आवारात काढून ठेवलेला. नगरपालिकेनं वस्तीत पुरायला परवानगी दिली नाही म्हणून दहन झालं. ते 1890 साल, 28 नोव्हेंबरला ते गेले. टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, कुणी धरायचं यावर भावकीनं हक्क सांगितला, कारण मुलगा यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या सोप्यात त्या रात्री अजून शीतपेटीच्या भाड्याचाच वाद होता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "त्या सावित्रीबाई हुत्या."

"आणि मी कोण?" ताईनं विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं शीतपेटीचा आकडा लिहिला आणि पान उलटलं.

मग उजवा रकाना. लागतंय म्हणतात.

दहाव्याला पिंड, नदीवर जायची गाडी, न्हावी, दक्षिणा. बाराव्याला जेवण, मांडव, खुर्च्या, कीर्तन, चौकातला फ्लेक्स. घरच्यांचे कपडे. सोयऱ्यांची बसायची, उठायची सोय. ताई एकेक लिहीत होती आणि प्रत्येक ओळीला नानांचं उत्तर तयार होतं.

"फ्लेक्स कशाला?"

"तो नगं. ते पोरांचं खूळ हाय. खोड."

ताईनं खुशीनं खोडला.

"टॉवेल-टोपी?"

"ती आपण न्हाई आणायची, सोयरं आणत्यात. दुखवटा काढत्यात. आणि हे बघ, बाराव्याला माझ्या म्होरं येणारी एकूण एक टोपी मी कुणाच्यातरी बाराव्याला आधी देऊन आलोय. तू खर्च म्हणतीस त्याला आम्ही येणं-देणं म्हणतो. कुणाचं कितीय ते मला वहीबिगर तोंडपाठ हाय."

नानांचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जपानमध्ये अंत्यविधीला येणारा पाकिटातून पैसे आणतो, घरचे त्याची वहीत नोंद करतात, आणि पुढं साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवायची रीत आहे. त्या पाकिटाला 'कोदेन' म्हणतात. पैशात मोजलेलं दुःख तिथं कुणाला हलकं वाटत नाही. मी हे सांगितल्यावर नाना ताईकडे विजयी नजरेनं पाहू लागले.

ताई म्हणाली, "त्यांच्याकडं पैसे येतात, नाना. आपल्याकडं टॉवेल येतात. टॉवेल टॉवेलनं फिटतो, पतसंस्थेचं कर्ज टॉवेलनं फिटत नाही. आचारी टोपी घेऊन जात नाही."

मला हसू आलं. नानांनाही आलं, पण ते त्यांनी सुपारीत लपवलं.

ताईनं तो धागा सोडला नाही. "ह्याच मातीत 1943 पासून प्रतिसरकार चाललं. इथनं कुंडल किती लांब? नाना पाटलांच्या माणसांनी गांधी-विवाह लावले, हुंडा-मानपान कापलं. गाडगेबाबा कीर्तनात घसा कोरडा करून सांगत गेले, ऋण काढून सण करू नका. लग्नाचा खर्च तुमच्या वडिलांच्या पिढीनं मोडून दाखवला. मग बाराव्याला हात लावायला एवढं काय भ्यायचं?"

"लगीन जित्या माणसाचं असतंय. त्याला रुसवा काढता येतोय. गेलेल्याचा रुसवा कसा काढायचा?"

"आई रुसली असती?"

"आई न्हाई. पण कोरोनात माझा थोरला गेला तवाचं सांगतो. वीस माणसांचा नियम. बारावं नाही, काय नाही. तू तवा म्हणलीस, बघा, काय अडलं का? न्हाई अडलं. पण आज बी बाजारात कुणी भेटलं की हात धरतंय. 'नाना, त्या वक्ताला यायला झालं न्हाई.' पाच-सा वर्सं झाली, त्याची माती अजून संपली न्हाई बघ."

याला ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

नाना तिथं थांबले नाहीत. "आणि बारावं म्हंजे निसतं जेवण न्हवं. त्या दिवशी चार जाणती माणसं बसत्यात. गेलेल्याचं देणं कुणाचं, येणं कुणाकडं, बाईला कोण बघणार, पोरांच्या शाळंचं काय, हे सगळ्यांच्या तोंडावर ठरतंय. आलेला माणूस जेवून जातोय, म्हंजे त्यो साक्षीदार झाला. उद्या कुणी फिरलं तर पन्नास तोंडं बोलत्यात."

"मग माणसं बोलवा. चहा द्या. बुंदी आणि दोन भाज्या साक्षीला कशाला लागतात?"

"कऱ्हाडास्नं, सांगलीस्नं आलेला सोयरा चहावर परत पाठवायचा?"

इथं मला ताईची बाजू थोडी पुण्याची वाटली. लांबून आलेल्याला जेवू न घालणं हे काटकसरीत बसत नाही. पण नाना ज्याला चार माणसं म्हणतात ती हल्ली चारशे होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कुणाची शाळा, कुणाचं देणं हे कानावरही जात नाही. ते पंगतीला येतात आणि गाडी काढतात. नानांनीही हे मानलं. त्यांच्या लहानपणी बाराव्याला भात-आमटी असायची, असं तेच म्हणाले.

मग मोहरमचा विषय निघाला, कारण कडेगावात कुठल्याही वादात तो कधीतरी निघतोच. आमचे उंच ताबूत बघायला दूरदूरची माणसं येतात. ते बांधायला आणि उचलायला हिंदू-मुसलमान दोघं असतात, मान दोघांत वाटलेला. शोकाचाच सण आहे तो. सारं गाव मिळून एक मयत पाळतं म्हणा ना.

"त्यांच्यात बघा," ताई म्हणाली. "जमातीचा जनाजा ठेवलेला असतो. कफनाचं कापड पुरुषाला तीन वस्त्रं, बाईला पाच. कबर खोदायची, वर फळ्या टाकायच्या, माती. लाकूड नाही, तेल नाही. श्रीमंत-गरीब दोघांना कापड तेवढंच."

"चाळिसाव्याला जेवण असतंय की त्यांच्यात बी. माझ्या दोस्ताच्यात जेवलोय मी. आणि आपल्यातलं लिंगायत बी बसवून माती देत्यात, त्यांस्नी बी लाकूड लागत न्हाई. पण पुढचं चुकलंय का कुणाला?" नाना म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. दहन असो की दफन, पहिला दिवस स्वस्तात निघतो. खिसा रिकामा होतो तो नंतर, आणि तो सगळ्यांचा सारखाच होतो.

ताईनं तेवढ्यात मुद्दा पकडला. "ताबुताला वर्गणी देताना तुम्ही हिशेब विचारता?"

"कशाला विचारू?"

"मग मातीसाठी आळीची वर्गणी आधीच काढून ठेवली तर? महिन्याला घरटी थोडी. कुणाच्या घरी वेळ आली की त्यातून लाकूड, कापड, गाडी. इथिओपियात अशी मंडळं आहेत, 'इद्दिर' म्हणतात. दरमहा पैसे भरायचे. मंडळाचे तंबू, बाकं, भांडी असतात. कुणी गेलं की मंडळ घरात येऊन उभं राहतं."

नाना थक्क होऊन बघत राहिले. "मरणाची भिशी?"

"म्हणा भिशी."

"आणि ती फुटती कुणाच्या नावानं, हे बी ठरवतीस का?"

आम्ही तिघंही हसलो, काकी गेल्यापासून पहिल्यांदा. आतून माजघरातनं कुणीतरी खाकरलं, तेव्हा गप्प झालो.

रात्रीचे बारा वाजून गेल्यावर ताईनं वहीचं शेवटचं पान काढलं. त्यावर तिनं खर्च लिहिला नव्हता, घरात येणारे पैसे लिहिले होते. या पानावर नाना फक्त ऐकत राहिले.

पलीकडच्या गल्लीतला गवंडी गेल्या साली गेला. वय बावन्न. बायकोनं गळ्यातलं मोडलं आणि बारावं केलं. ताईनं या खेपेला सहज त्यांचं पासबुक मागितलं. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीला 436 रुपये कापलेले. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता, माणूस कशानंही गेला तरी वारसाला दोन लाख. बँकेत जाऊन कुणी विचारलंच नव्हतं. त्याची बांधकाम कामगार म्हणून कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी होती. तशा कामगाराच्या अंत्यविधीला 10,000 रुपये मिळतात. घर दारिद्र्यरेषेखालचं आणि कर्ता माणूस साठीच्या आत गेलेला, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 तहसील कार्यालयातून. शेतकरी अपघातात गेला असता तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या योजनेतून दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत जोडून.

"आणि ह्या सगळ्याच्या आधी मृत्यूचा दाखला," ताई म्हणाली. "21 दिवसांत नोंद केली तर फुकट. उशीर झाला की फी, जास्त उशीर झाला की वरच्या साहेबांची परवानगी नि हेलपाटे. माणूस जिथं गेला तिथं नोंद होते. कऱ्हाडच्या दवाखान्यात गेला तर कऱ्हाडात, कडेगावात नाही. अर्धी माणसं इथंच चकरा मारून दमतात."

"आणि तुझ्या आईला ह्यातलं काय?"

"काही नाही. आई सत्तरीच्या पुढं होती. तिला यातलं एकही लागू नव्हतं."

नाना बराच वेळ पासबुकाच्याच गोष्टीत अडकले होते. "त्या गवंड्याच्या बाराव्याला मी हुतो की. आम्ही चार जाणती बसलो हुतो. देणं-घेणं सगळं इचारलं." मग थोडं थांबून, "पासबुक न्हाई इचारलं."

रात्रभरातली ही त्यांची एकच माघार. ताईनं तिचा फायदा घेतला नाही.

रक्षेचा वाद तिसऱ्या दिवशीच होऊन गेला होता. नानांना रक्षा प्रीतिसंगमावरच न्यायची होती. इथनं जवळच्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाणसुद्धा शेवटी कृष्णा-कोयनेच्या त्याच काठावर विसावले, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाली होती, "नाना, आता कृष्णाच टेंभूतून आपल्या शिवारात येते. मग आपण तिच्याकडं कशाला जायचं? आईला बांधावर टाका, वर आंबा लावा." शेवटी थोडी रक्षा कऱ्हाडला गेली, थोडी आंब्याच्या आळ्यात.

त्या रात्री तो वाद पुन्हा आठवला आणि टेंभूचं नाव निघालं, तशी मला गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट सांगाविशी वाटली. पाण्याच्या योजनेमुळं ते गाव आता घराघरात माहीत आहे, पण आगरकर तिथं 1856 साली जन्मले हे कितीजणांना ठाऊक असतं? त्यांच्या मतांवर चिडलेल्या लोकांनी पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्यानं पोखरलेला तो माणूस 17 जून 1895 ला, एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. गेल्यावर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. आत पैसे होते, आपल्या दहनासाठी काढून ठेवलेले, बरोबर चिठ्ठी.

ताई ऐकत होती. नाना मात्र सरसावून बसले.

"सोताच्या जाळण्याचं पैसं सोता ठिवलं?"

"हो."

"म्हंजे भावकीवर इस्वास नव्हता."

"किंवा भावकीला त्रास द्यायचा नव्हता," ताई म्हणाली.

"त्येबी असंल." नानांनी सुपारीचे तुकडे तळहातावर घोळवले. मग वहीकडे बोट केलं. "माझं बी एक लिवून ठेव त्यात. ओढ्याकडची दुसरी बाभळ हाय ना, वाकडी, ती ठिवलीय मी. कुणी इकायची न्हाई. आन् पोरगा लांब असंल तर थांबू नगा. जो म्होरं असंल त्यानं अग्नी द्यायचा."

"जी असेल तिनं," ताई म्हणाली.

नानांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ताईनं लिहून घेतलं.

"आणि बारावं?" तिनं विचारलं.

"बारावं मोठं करा," नाना म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.